बांधी बाकी आहे

आमच्या जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात क्रीडाशिक्षकाचं पद आहे, पण त्या पदावर माणूस नाही. मी रुजू झाले तेव्हाही नव्हता, आजही नाही. त्यामुळे दर जूनच्या सभेत हेडसर चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहतात आणि खेळाचा चार्ज कुणाच्या तरी गळ्यात मारतात. मराठीच्या सरांचे गुडघे दुखतात, विज्ञानाच्या मॅडमना प्रयोगशाळा सोडवत नाही आणि इंग्रजीचे सर त्या सभेला हमखास रजेवर असतात. उरले मी, गणिताची. त्या वर्षी मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर हेडसर म्हणाले, "मॅडम, तुमचा आवाज मोठा आहे. मैदानाच्या पार टोकापर्यंत पोचतो." सगळे हसले. मला राग आला, पण आवाजाचं खोटं नव्हतं. लहानपणी भंडाऱ्यात आमच्या घरातलं भांडण चौकापर्यंत ऐकू जायचं ते माझ्यामुळेच, असं आई अजून सांगते.

तालुक्याच्या स्पर्धांचा फॉर्म आला. यादीतल्या एकेका खेळावरून हेडसरांचं बोट खाली घसरत गेलं. क्रिकेटला किट हवं, व्हॉलीबॉलला जाळी हवी, उंच उडीला गादी हवी. बोट थांबलं ते "रस्सीखेच, मुली" या ओळीवर. "याला काय लागतं? एक दोर," ते म्हणाले आणि त्यांनी खूण केली. आमच्या शाळेच्या क्रीडा परंपरेची सुरुवात ही अशी झाली.

तो एक दोरही शाळेत नव्हता. नववीतल्या एका मुलीनं तो घरून आणला. तिचे वडील गावच्या तलावात मासे धरतात. आठ-दहा जण मिळून ओढतात त्या मोठ्या जाळ्याचा जुना दोर होता तो, खांद्यावर टाकून ती आली तेव्हा सगळ्या वर्गाला माशांचा वास आला आणि पुढच्या बाकावरच्या दोघींनी नाकाला ओढणी लावली. तिनं तिकडे पाहिलंही नाही. दोर खाली टाकला आणि म्हणाली, "मॅडम, हा तुटत नाही." दोराच्या अगदी शेवटी जी उभी राहते, दोर अंगाभोवती घेते आणि सगळ्या टीमचा भार ओढून धरते तिला अँकर म्हणतात. ती जागा कुणाची हे मला ठरवावंच लागलं नाही.

मी कडुलिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसायची आणि गळ्यात शिट्टी अडकवून, मोबाइलवर नियम वाचून, उंटावरून शेळ्या हाकायची. एका बाजूला आठ जणी. दोराच्या मधल्या खुणेला चार मीटर आपल्याकडे आणायचं. दोर सुटला की डाव गेला. तीन डाव, दोन जिंकेल तो जिंकला. पोरी मात्र पहिल्या दिवसापासून अशा काही ओढायच्या की मीच चकित व्हायची. कंबरेत वाकलेल्या, मागे न बघता, एकेक पाऊल मागे टाकत, आठही जणींचा पाय एकाच वेळी जमिनीवर. नववी-दहावीच्या मुलांना त्यांनी तीनदा ओढत नेलं. मला वाटलं, माझी शिट्टी कामाला आली. स्टाफरूममध्ये मी तसं बोलूनही दाखवलं.

तालुक्याची स्पर्धा हिवाळ्यात होती. पोरी अनवाणी खेळल्या, कारण कॅनव्हासच्या बुटांत त्यांना बोटं रोवता येत नव्हती. दोन शाळांना त्यांनी सहज ओढलं आणि फायनलला पोचल्या. तिथेही एक डाव त्यांचा, एक आमचा. तिसरा सुरू झाला आणि आमच्या पोरी दोर ओढत मागे सरकू लागल्या. एक मीटर, दोन, तीन. मी खुर्चीवर उभी राहून ओरडत होते. हातभर खूण यायची बाकी होती. मैदानाच्या त्या कडेला मुरूम टाकून थोडा उंचवटा केलेला होता. आमच्या अँकरची टाच त्याला लागली.

आणि ती ओरडली, "धुरा!"

तत्क्षणी आठही पोरी सरळ उभ्या राहिल्या. दोघींनी तर कमरेवर हात ठेवून पाठ ताणली. दोर आपला सरसर निघून गेला. समोरच्या मुली एकमेकींच्या अंगावर कोसळल्या, पण दोर त्यांच्या हातात होता आणि आमच्या हातात नव्हता. पंचांनी शिट्टी वाजवली. आम्ही हरलो होतो.

धुरा म्हणजे धानाच्या बांधीचा बांध, आणि बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं खाचर, एवढं मलाही ठाऊक होतं. पण मैदानावर धुरा कुठून आला? माझ्या डोक्यात तिडीक गेली. चारशे माणसांसमोर मी त्या मुलीचा दंड धरला आणि माझा मोठा आवाज वापरला. "तुझ्यामुळे सात जणींची मेहनत मातीत गेली. मेंदू शेतात ठेवून आली होतीस का?" तिच्या तळहाताची सालं निघाली होती, ती त्याच्याकडे बघत राहिली.

मी ओरडले नसते तर कदाचित ते तिथेच मिटलं असतं. पण कुणीतरी मोबाइलवर सगळं घेतलेलं होतं. परतीच्या बसनं वाटेवरचं कोंढा गाव सोडायच्या आत तो व्हिडिओ गावच्या ग्रुपवर पोचला होता. दुसऱ्या दिवसापासून ती कुठूनही गेली, पानठेल्यावरून, नळावरून, की पोट्टे ओरडायचे, "धुरा!" आणि सरळ उभे राहून पाठ ताणायचे. वर्गातही सुरू झालं. मी दोघांना बाकावर उभं केलं, पण सुरुवात माझ्याच तोंडून झाली होती, हे मला कळत होतं. ती मैदानावर यायची बंद झाली. नववीची परीक्षा तिनं कशीबशी दिली. जून उजाडला, दहावीचा वर्ग भरला. हजेरीत तिचं नाव घेतलं की मागून उत्तर यायचं, "नाही येत ते, मॅडम."

एक आठवडा, दोन आठवडे, तीन. हेडसर म्हणाले, धानाच्या रोवणीचे दिवस आहेत, येईल. मलाही ते ऐकायला बरं वाटलं. पण रोज हजेरी घेताना त्या नावापाशी माझी जीभ अडखळायची. दहावी सुटली की आमच्या गावात मुलीची शाळा सुटते, मग ती जाळ्यामागे जाते नाहीतर रोवणीला. हे होणार होतं आणि माझ्या एका वाक्यामुळे होणार होतं. शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी स्कूटी काढली आणि विचारत विचारत तलावाखालच्या बांधीवर गेले.

पंधरा-वीस बाया रांगेत रोवणी करत होत्या. मी भंडाऱ्यात वाढलेली. रोवणी मी आयुष्यभर एसटीच्या खिडकीतून पाहिली होती, जवळून कधीच नाही. गुडघाभर चिखलात कंबरेतून वाकलेल्या, डाव्या हातात रोपांची पेंडी, उजव्या हातानं रोप खोचायचं आणि एक पाऊल मागे. सगळ्यांचं पाऊल एका वेळी. मागे कुणीच बघत नव्हतं. मी स्कूटीला टेकून उभी राहिले आणि मला लाज वाटू लागली. हेच तर होतं ते. जे मी शिकवलं म्हणून स्टाफरूममध्ये मिरवत होते, ते त्यांना आठव्या-नवव्या वर्षापासून येत होतं.

मग रांगेच्या टोकाच्या म्हातारीची टाच बांधाला लागली. ती ओरडली, "धुरा!"

सगळ्या बाया एकदम सरळ उभ्या राहिल्या. हातातलं रोप हातात, कमरेवर हात, पाठ ताणली, कुणी हसलं, कुणी पदरानं तोंड पुसलं. बांधीच्या वाकड्यातिकड्या कडेला एकीची टाच आधी लागते. जिची लागते ती ओरडते, आणि मग कुणाचं कितीही राहिलेलं असो, सगळ्यांनी उभं राहायचं. दिवसभर वाकलेल्या पाठीला मिळणारी तेवढीच सुट्टी. तो आवाज आला की पाठ आपोआप सरळ होते. तिथे विचार करायला कुणाला वेळ असतो?

त्या रांगेत ती होती. उभी राहून तिनं पाठ ताणली आणि तिला मी दिसले. तिचं तोंड पडलं.

मी चपला काढल्या आणि धुऱ्यावरून तिच्यापर्यंत गेले. माफी मागायची मला सवय नाही. घरीही मी भांडण संपवते ते चहा करून. पण तिथे चहा नव्हता, म्हणून बोलावंच लागलं. "चूक माझी होती," मी म्हटलं. "तू काय केलंस ते मला आज कळलं. मी न समजता बोलले. सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोरच सांगते."

तिची आई तिच्या शेजारीच होती. ती म्हणाली, "मॅडम, तुमी बोलून गेल्या. आमची पोट्टी दोन महिने घरात कोनाशी बोलली नाही. नळावर जाची तं तोंड झाकून जाची."

मी मुलीलाच म्हटलं, "शाळेत ये. दोर तसाच ठेवलाय."

"मले नाही येवाचं."

"काहून?" माझ्याही तोंडून 'का' त्यांच्याच बोलीत निघालं.

तिनं पाण्यात टाच हलवून पाहिली. मग म्हणाली, "मी तठी मैदानात पुन्हा उभी झाली तं? मले नाही कळत मॅडम. पायालेच कळते. टाच लागली का तोंडातून निंगून जाते."

पोट्ट्यांच्या चिडवण्याची तिला भीती नव्हती. तिला आपल्या टाचेची भीती होती. मी गणिताची बाई, काहीतरी उपाय सांगायला हवा होता, पण सुचेना. तेवढ्यात टोकाची म्हातारी म्हणाली, "मॅडमले एक ओळ रोवू द्या ना वो. मंग समजन पायाले कसं कळते ते."

बायांना तेवढंच हवं होतं. मी साडी खोचली आणि उतरले. पहिल्या रोपालाच चिखलानं माझा पाय धरला. दुसऱ्याला मी मागे वळून पाहिलं आणि तिसऱ्याला सपशेल बसले, छातीपर्यंत चिखलात. माझा मोठा आवाज तलावापलीकडे ऐकू गेला असणार. सगळ्या बाया खो खो हसल्या आणि त्यात तीही हसली. नववीच्या हिवाळ्यापासून मी तिचं हसणं पाहिलं नव्हतं. मला हात देऊन उठवताना ती म्हणाली, "मांगं पाहू नोका. वाकूनच ऱ्हा. पाय सांगते."

सोमवारी ती शाळेत आली.

टाचेवरचा उपायही तिलाच सुचला, मला नाही. "मॅडम, धुरा कोनता ते आधीच ठरवून द्या," ती म्हणाली. "बांधीत आमाले माहीत ऱ्हायते. मैदानात माहीतच नोहोतं." मग आम्ही ठरवलं. धुरा म्हणजे मैदानाची भिंत. जिथे खेळू तिथली भिंत. त्याच्या आधी टाचेला काहीही लागो, मुरूम, वीट, दगड, तो धुरा नाही. भिंत लागेपर्यंत बांधी बाकी आहे. चार मीटरचा हिशेब पंचांनी करावा, आपण करायचा नाही.

धान कापून झाल्यावर आम्ही सरावाला मैदान सोडून मोकळ्या बांध्यांत जाऊ लागलो. एका बांधीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, दोर ओढत मागे मागे, मधले धुरे उलट्या पावलांनी चढायचे आणि उतरायचे, पण उभं राहायचं नाही. पहिल्या आठवड्यात रोज कुणी ना कुणी उभी राहायची. सवय ती सवय. उभी राहिली की बाकीच्या सात जणी तिला शिव्या घालायच्या, मग हसायच्या. दोराच्या दुसऱ्या टोकाला मी मिळेल त्याला जुंपलं. दहावीची मुलं, शाळेचे शिपाई, एकदा तर स्वतः हेडसर. ते दोन बांध्या ओढले गेले आणि तिसऱ्या धुऱ्यावर म्हणाले, "मॅडम, मी तुम्हाला चार्ज दिला होता, बदला घ्यायला नाही सांगितलं." चिडवणारे पोट्टेही एक दिवस आले. आठ जण होते. त्यांना पोरींनी चार धुरे ओलांडून तलावाच्या पाण्यापर्यंत नेलं. त्यानंतर पानठेल्यावरून आवाज आला नाही.

मीही खुर्ची सोडली. शिट्टी टेबलाच्या खणात टाकली. पोरींचा ताल त्यांच्या तोंडातून निघायचा, रोवणीत निघतो तसा हुंकार, आणि माझी शिट्टी त्यात नुसती मोडता घालायची हे मला एव्हाना कळलं होतं. टीमचं एकूण वजन गटात बसतं का ते बघायला आठही जणींना मी धान खरेदी केंद्राच्या मोठ्या काट्यावर एकदम उभं केलं. काट्यावरचा माणूस म्हणाला, "मॅडम, यायच्यात ओलावा जास्त हाय." पोरींनी त्याला जे सुनावलं ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

त्या वर्षी तालुका आम्ही एकही डाव न गमावता जिंकला. मुरमाचा तोच उंचवटा होता. तिच्या टाचेला तो लागला, ती थबकली, आणि पाऊल उचलून त्यावर चढली. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

जिल्ह्याची स्पर्धा भंडाऱ्याला होती. मी वाढले त्या गावात. कोंढ्याहून बसनं निघताना बघितलं तर शेवटच्या सीटवर अँकरची आई बसलेली. तिनं मजुरीचा दिवस बुडवला होता. मी विचारलं, "तुम्ही कशा काय?" ती म्हणाली, "पाहाले येऊन राहिली. मांगच्या खेपी मोबाइलातच पाहिलं."

फायनलला समोर नाकाडोंगरीकडची एक शाळा होती. त्या मुली आमच्यापेक्षा वीतभर उंच, दंडानं भरलेल्या, आणि अगदी शांत. पहिल्या डावात त्यांनी आम्हाला असं ओढलं की मला वाटलं संपलं. दुसरा डाव लांबला. दोन्ही बाजू वाकून नुसत्या थरथरत होत्या, दोर जागचा हलत नव्हता. मग आमच्यातून तो हुंकार निघाला, एक पाऊल, आणखी एक, आणि डाव आमचा झाला.

तिसऱ्या डावासाठी बाजू बदलल्या आणि मी पोरींच्या मागची जमीन पाहिली. आमच्या मागे धावपट्टीची सिमेंटची कड होती, बोटभर उंच, अगदी सरळ. नवीन बांधलेल्या धुऱ्यासारखी. मी सांगायला धावणार होते, पण पंचांनी हात वर केला होता. मी तोंडावर हात दाबून धरला. माझा आवाज आज तिला ऐकू जायला नको होता.

डाव सुरू झाला. आधी त्यांनी एक मीटर नेलं. आमच्या पोरी खाली गेल्या, आणखी खाली, पार बांधीत वाकतात तशा. मग खूण परत येऊ लागली. मधोमध आली, आमच्याकडे सरकली. एक मीटर. दोन. तीन. आणि तिची टाच सिमेंटला लागली.

मी पाहिलं. तिचे खांदे वर उठले. तिचं तोंड उघडलं. पुढच्या सातही जणी त्या शब्दाची वाट पाहत होत्या, त्यांच्या पाठी मला दिसत होत्या.

"बांधी बाकी हाय!" ती ओरडली. आणि टाच उचलून कडेपलीकडे ठेवली.

खूण चार मीटर ओलांडून गेली. पंचांनी शिट्टी वाजवली. आमच्या पोरी थांबल्या नाहीत. पुन्हा वाजवली. थांबल्या नाहीत. भिंत लागली नव्हती ना! आमच्या सोडत नाहीत म्हणजे डाव चालूच असेल, असं समजून समोरच्या मुलीही दोर धरून ओढल्या जात राहिल्या. एक मुलगी बसल्या बसल्या घसरत ओरडली, "अवो, आमाले कुठं नेऊन राहिल्या?" सगळं मैदान हसत होतं. पंच शिट्टी तोंडात धरून मागे धावत होते. मी जागची हलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला थांबवायला ओरडले नाही.

भिंतीशी प्रेक्षक उभे होते, ते बाजूला पांगले. एकच बाई हलली नाही. अँकर मागे मागे येत होती, वाकलेली, मागे न बघता, आणि तिची पाठ तिच्या आईच्या अंगाला टेकली. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि ज्या शब्दापायी तिची लेक तोंड झाकून फिरली होती तो शब्द तिनं मोठ्यानं, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा म्हटला.

"धुरा!"

आठही पोरी सरळ उभ्या राहिल्या. दोर हातातून सोडला, कमरेवर हात ठेवले आणि पाठी ताणल्या. इकडे खुर्च्यांच्या रांगेपाशी, त्यांच्यासोबत नकळत वाकलेली माझीही पाठ सरळ झाली.